वीस किलो खाऊ

ताईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिची पाच कुत्री धाकटीच्या गळ्यात पडली.

धाकटीला कुत्र्यांची किळस होती, आणि ती काही आजची नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम. काचेवर बोटाचा ठसा राहिला तरी तिला चैन पडायचं नाही. इथे ताईच्या घरात तर सोफ्यावर केस, दारांवर लाळेचे ओघळ, आणि सकाळच्या चहात तरंगणारा एक पांढरा केस. पहिल्या दिवशी ती उभ्यानेच जेवली. जिथे बसायला जावं ती जागा आधीच कुणीतरी चाटून ठेवलेली.

चौथ्या दिवशी कुत्र्यांचा खाऊ संपला. तिने हॉस्पिटलमध्ये ताईला फोन केला.

"खाऊशिवाय म्हातारी कुत्री डोळ्यांत थेंब घालू देणार नाही," ताई म्हणाली. "आणि तिला दिलास की बाकीच्या चौघांनाही द्यावा लागेल. नाहीतर घर डोक्यावर घेतील."

"मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणते."

"पुडा त्यांच्या दाताला तरी लागेल का? माझा नेहमीचा माणूस गावाला गेलाय. बाजारामागे दुसरं एक गोदाम आहे, तिथून वीस किलोचं पोतं घे. मिश्र."

"मिश्र म्हणजे?"

"ते नको विचारूस, छोटे."

गोदामात शिरण्याआधीच वासाने धाकटीला गाठलं. ओल्या कातड्यासारखा, आंबूस, जिभेवर बसणारा वास. आत भिंतीला लावून उघडी पोती मांडली होती. एकात डुकरांचे कान, केसांसकट. एकात वाळून काळी पडलेली फुप्फुसं. एकात घशाच्या नळ्या, कड्याकड्यांच्या, वाकड्या. मधोमध एका पोत्यावर डबा उघडून गोदामवाला जेवत होता. तिला बघून त्याने घास तोंडात टाकला, त्याच हाताने चार पोत्यांतून मुठी मुठी भरून तिच्यासमोर धरल्या आणि मग तोच हात पुन्हा डब्यात घातला. धाकटीने नजर वळवली, पण तिकडे शेपट्या होत्या.

तिने पोतं घेतलं, गाडीच्या चारही काचा उघड्या टाकल्या आणि तोंडाने श्वास घेत घरी आली.

मागच्या अंगणात तिने चिमट्याने एक नळी काढून म्हातारीपुढे टाकली. म्हातारीने ती दाढेखाली धरली. धाकटीने दुसऱ्या कुत्र्यासाठी आणखी एक नळी उचलली आणि तिला वाटलं, आपला हात थरथरतोय. हात स्थिर होता. नळी हलत होती. आतून पिवळट अळ्या एकीवर एक चढत तोंडाशी येत होत्या. त्यातली एक चिमट्यावरून तिच्या मनगटावर पडली.

तिने चिमटा फेकला. पळून नळाखाली हात धरावा एवढंच तिच्या मनात होतं. पण म्हातारी मिटल्या डोळ्यांनी मन लावून चावत होती, आणि नळीचं एक टोक आत जाऊ लागलं होतं.

"सोड," धाकटी म्हणाली. म्हातारीने ऐकलं नाही.

मग जिने आजवर कुत्र्याला कोपरसुद्धा लागू दिलं नव्हतं, तिने दोन्ही हातांनी म्हातारीचा जबडा फाकला आणि बोटं घशापर्यंत घातली. आत गरम, बुळबुळीत लागलं. कुजका श्वास थेट तोंडावर आला. नळी निघाली, तिच्यामागून लाळेची दोरी निघाली. म्हातारी खोकली आणि नाराज होऊन बसली. धाकटी कुंडीपाशी जाऊन ओकली.

तासाभराने पोतं घेऊन ती पुन्हा गोदामात उभी होती. दोन गिऱ्हाइकं माल घेत होती.

"अळ्या आहेत यात," ती म्हणाली.

गोदामवाल्याने एक नळी काढली, टेबलावर आपटली, पडलेल्या अळ्या तळहाताने झटकल्या आणि नळी पँटीला पुसली. "झालं, बाई. कुत्रीच खाणार ना? त्यांना काय कळतंय?"

दिवसभरात धाकटीने बरंच काही पाहिलं होतं, पण या हसऱ्या चेहऱ्याइतकं घाण काहीच नव्हतं. तिने पोत्याचा तळ धरला आणि सगळं त्याच्या टेबलावर उलटं केलं. कान, फुप्फुसं, शेपट्या आणि त्यांच्यातून वळवळणारा पिवळा गालिचा. थोडं त्याच्या डब्यातही पडलं.

"मग तुम्हीच खा," ती म्हणाली.

शेजारच्या गिऱ्हाइकाने आपलं पोतं उघडून आत डोकावलं आणि नाक दाबलं. दुसऱ्याने आपलं पोतं उघडलंच नाही, तसंच टेबलावर ठेवलं. गोदामवाल्याचं हसू तेव्हा मावळलं. त्याने तिघांचे पैसे मुकाट्याने परत केले.

आता खाऊचं काय, हा प्रश्न उरलाच होता. वाटेत तिने खाटकाकडून दोन किलो काळीज घेतलं. ताईच्या ओट्यावर, नाकाला फडकं बांधून, तिने त्याचे पातळ काप केले. ते चाकूखाली जेलीसारखे सरकत होते, त्यांचं रक्त बाह्यांवरून कोपरापर्यंत आलं. ओव्हनमध्ये चार तास ते वाळत राहिले आणि तो वास पडद्यांत, उशीत, तिच्या केसांत जाऊन बसला. पाचही कुत्री ओव्हनपुढे रांगेने बसली होती. खाली लाळेचं तळं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "मिळालं का पोतं?"

"परत केलं. किडकं होतं."

"अरे देवा. मग आता?"

"घरीच केलंय. काळजाचं."

"तू? तुझ्या हातांनी?"

"आणखी काही विचारू नकोस, ताई. मला परत मळमळायला लागेल," धाकटी म्हणाली आणि थेंबांची बाटली घेऊन म्हातारीशेजारी फरशीवर बसली. फरशी ओली होती.