विडा देऊन दिलेले देव

माझ्या भावाने आईला कॅनडाला नेलं, ही गोष्ट आमच्या वाडीत अजून कौतुकाने सांगतात. सांगू देत. कौतुक करायला कुणाच्या खिशातलं काही जात नाही.

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कशेडी घाटाच्या अलीकडे. बाबा गेल्यापासून आई, बनुबाई, तिथे एकटीच राहायची. मी तिची लेक सुगंधा. मी महाडात असते, आमची पिठाची गिरण आहे. दर रविवारी वर जायचं, तिच्या गोळ्या पोचवायच्या, पावसाळा तोंडावर आला की कौलं शाकारून घ्यायची आणि निघताना म्हणायचं, "आई, चल माझ्याकडे." आईचं उत्तरही ठरलेलं. "लेकीच्या दारात म्हातारपण काढू? लोक काय म्हनतील गो?" लोक म्हणजे कोण, तर शेजारची रखमाकाकू आणि बाबांचे चुलतभाऊ मुरारीकाका. बाकीची वाडी मुंबईला. या दोन माणसांच्या धाकाने माझी आई माझ्याकडे आलीच तर एक मुक्काम करायची आणि सकाळच्या पहिल्या एसटीने परत पळायची.

राजेंद्र माझा धाकटा भाऊ, टोरंटोजवळ असतो. त्याची बायको प्रियदर्शिनीही नोकरी करते. यशराज झाला, तिची रजा संपत आली, आणि माझ्या भावाला एकदम आईची माया दाटून आली. फोनवर म्हणाला, "आई, एकटी कशाला राहतेस? आता आमच्याजवळ राहा." आईने तो फोन झाल्यावर पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी कोंबड्या रखमाकाकूला देऊन टाकल्या.

मी राजेंद्रला फोन लावला. "कायमचं नेतोयस का तिला?"

"ताई, कायमचं कसं जमेल? व्हिजिटर व्हिसा आहे. यशराज पाळणाघरात जाईपर्यंत, सहा महिने."

"मग तसं सांग तिला."

"आत्ता नको. उगाच हिरमुसेल. ती खूश आहे ना, असू दे."

मी त्याच दिवशी वर गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "तुला बघवत नाय. भाव मला नेतोय ते तुला सलतंय."

"मग त्यालाच विचार ना!"

"पोटच्या पोराला इचारू, किती दिवस ठेवशील म्हनून? असं इचारतात होय?"

आमच्याकडे बायका दुकानदाराशी पसाभर मिरचीसाठी तासभर भांडतात, पण लेकाला एक सरळ प्रश्न विचारायची वेळ आली की जीभ उचलत नाही. मला राग आला होता, आणि तिला लागलं होतं. मी तशीच महाडला परतले.

गणपतीला राजेंद्र तिला न्यायला आला. बायको-पोराला आणलं नाही, "त्याला इथलं पाणी बाधेल." स्वतःही बाटलीतलंच पाणी प्यायला. विसर्जन झाल्यावर आईने देव्हाऱ्यासमोर बसून देव उतरवले, भावकीत सोपवायला. आमच्या घराण्याचे चांदीचे टाक, त्यात बाबांच्या नावाचाही एक. मी म्हटलं, "देव दुसऱ्याला कशाला? मी येऊन दिवा लावीन."

"रविवारी? देवाला काय रविवारचाच दिवा लागतो? बिनदिव्याचं देव ठेवून जाऊ मी?"

"मग माझ्याकडे दे."

"तुझं कूळ आता दुसरं गो." हे मात्र ती हळू बोलली.

भावकीत मुरारीकाकांचं घर सगळ्यांत जवळचं. ते अंगात सदरा घालून आले. आईने पाटावर नारळ, विडा, सुपारी ठेवली, देव ताम्हनात घेतले आणि त्यांच्या ओंजळीत दिले. काका म्हणाले, "वयनी, इचार केलाव ना? विडा देऊन दिलं म्हंजे दिलं. मग देव आमच्या घरचं."

"माजं आता तिकडंच," आई म्हणाली.

राजेंद्र तिथेच उभा होता. आईपासून हाताच्या अंतरावर. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं त्याला. तो मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. नंतर प्रियदर्शिनीला पाठवला, तिने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मी त्याला अंगणात गाठून म्हटलं, "अरे, बोल काहीतरी!" तर म्हणतो, "ताई, चांदीचे तुकडे आहेत गं. परत आणू की. एवढं काय?"

आई गेली. मग वाडीच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. आई जाड जाकिटात, आई धबधब्यापुढे, आई बर्फात नऊवारीवर बूट घालून. रखमाकाकू प्रत्येक फोटो मला दाखवायची, जसं काही मी पाहिलेच नव्हते. "नशीब काढलान हो बनुबायनं!" मला आई दुपारी फोन करायची, म्हणजे तिकडे भल्या पहाटे, सगळे झोपलेले असताना. आवाज बारीक. घरात निरांजन लावलं की छताला लावलेला धुराचा भोंगा वाजतो म्हणून प्रियदर्शिनीने दिवा बंद केला होता. देवाचा एक छापील फोटो स्वयंपाकघरातल्या कपाटात, डाळीच्या बरण्यांशेजारी. आई कपाट उघडायची, हात जोडायची, कपाट बंद करायची. दिवसभर ती आणि यशराज. बाहेर जायचं तर भाषा येत नाही, आणि बर्फावरून पडली तर दवाखाना परवडत नाही, असं तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "बाकी झ्याक हाय," ती म्हणायची. "पोरगं मला आयेपेक्षा जास्त वळखतंय."

फाल्गुन लागला आणि राजेंद्रने तिला विमानात बसवलं. ओळखीची एक बाई मुंबईला येत होती, तिच्यासोबत. तो आला नाही, रजा नव्हती. निघायच्या आदल्या आठवड्यात त्याने तिला सांगितलं म्हणे, "आई, व्हिसा संपला, सरकार ठेवून घेत नाही." सरकारवर ढकललं की घरात कुणी वाईट होत नाही. मी तिला विमानतळावरून आणलं. माणगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सरकारच ऐकंना, त्यो तरी काय करंल?"

ती घरी पोचली, अंगण सारवलं, आणि संध्याकाळी मुरारीकाकांकडे देव मागायला गेली. मीही बरोबर होते. काकांनी चहा दिला, कॅनडाचं विचारलं. देवांचं निघालं तसा कप खाली ठेवला.

"वयनी, रागावू नका. विडा देऊन दिल्यालं देव कोन परत मागतं? आन उद्या पोरगा परत न्यायला आला तर? देव काय दर साली उचलून ठेवायचं?"

"आता कुठं जाते मी? इथंच हाय."

"गेल्या टायमाला तिकडंच म्हनालाव."

काकांना मी खूप शिव्या घातल्या, पण घरी येऊन, मनातल्या मनात. कारण माणूस खोटं बोलत नव्हता.

खरं काय झालंय ते शिमग्याला कळलं. आमच्याकडे देवीची पालखी घरोघर येते, पण गावकीत घर धरतात ते देव्हाऱ्यावर. ज्या घरात कुळाचे देव, त्याच अंगणात पालखी टेकते. मी दोन दिवस रजा टाकल्यासारखी गिरण नवऱ्यावर सोडून वर गेले होते. आईने रांगोळी काढली, पाट मांडला, ओटीचं ताट घेतलं आणि हिरवी साडी नेसून उंबऱ्यात उभी राहिली. ढोल जवळ आला. मुंबईची पोरं खांद्यावर पालखी नाचवत आमच्या अंगणासमोर आली आणि तशीच पुढे गेली. मुद्दाम कुणी केलं नाही. त्यांना काकांनी घरं जशी सांगितली, तशी ती गेली. काकाच मागे वळून आले. "वयनी, तुमचं घर आता आमच्यातच धरलंय. तकडं या, आमच्या दारात ओटी भरा. आपलंच हाय."

या घरात सून म्हणून आली तेव्हापासून आईने पालखी स्वतःच्या अंगणात घेतली होती. ती काकांच्या अंगणात गेली. चुलतजावेच्या मागे, रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला, तिने ओटी भरली, पाया पडली. मी दारातूनच बघितलं आणि मला इतकं रडू आलं की राजेंद्र समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

त्या संध्याकाळी मी पुन्हा म्हटलं, "आई, आता इथे काय उरलंय? चल ना माझ्याकडे." ती म्हणाली, "लेकीच्या दारात?" देव गेले, पालखी गेली, हे मात्र तिच्याजवळ शाबूत होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आत राजेंद्रचा फोन आला. मला, आईला नाही. यशराज पाळणाघरात सारखा आजारी पडतो, प्रियदर्शिनीच्या रजा संपल्या, आईला परत पाठवता येईल का? "या वेळी पण सहाच महिने, ताई. तू जरा समजाव तिला."

समजावते, म्हटलं. गाडी काढून तडक वर गेले आणि आईला शब्दन् शब्द सांगितला, एकही मऊ न करता. सहा महिने. पोरगं आजारी म्हणून. बरं झालं की परत पाठवतील. "आणि या वेळी सरकारचं नाव घेतलं तर मी ऐकून घेणार नाही," म्हटलं. मला वाटलं होतं ती निदान या वेळी तरी चिडेल.

आई पाटावर बसून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर उठली, माळ्यावरची बॅग काढायला मला हात दे म्हणाली. बॅगेवरची धूळ तिने पदराने पुसली आणि उघड्या, रिकाम्या देव्हाऱ्याकडे बघितलं.

"एक बरं हाय गो," ती म्हणाली. "या टायमाला देव कुनाला द्यायचं, त्यो घोर नाय."