अख्खा शब्द

रेणुकाने सोल्डरिंगचं तापलेलं टोक ओल्या फडक्यावर टेकवलं, चर्र आवाज झाला आणि पलंगावरच्या आबांनी मान वळवली. आवाज झाला, मान वळली, एवढंच. "कोंबडीची पण वळते," असं प्रदीप मागच्या रविवारी बोलून गेला होता, आणि मग दिवसभर आईच्या नजरेला नजर देऊ शकला नव्हता.

आज तो पुन्हा येणार होता, आणि आज काय ते ठरायचं होतं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने आबांचा जुना कॉम्प्युटर उघडला होता. हल्लीच्या पोरांना दाखवला तर त्यांना तो कॉम्प्युटर वाटणारही नाही. पाठ्यपुस्तकाएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. पडदा त्याला स्वतःचा नाहीच, चित्र घरच्या टीव्हीवर बघायचं. आबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते तेव्हा खंडाळ्याच्या बंगल्यातलं एक कुटुंब परदेशी निघालं आणि जाता जाता ही वस्तू आबांच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली हे आईचं म्हणणं. आबांच्या मते त्यांचं नशीब उघडलं होतं. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे आणि तो डबा घेऊन टीव्हीपुढे बसायचे. जेवायला चार हाका माराव्या लागत.

तो टीव्ही कधीच भंगारात गेला. आता भिंतीवर प्रदीपने आणलेला मोठा, चपटा टीव्ही होता. आबांचा वेळ जावा म्हणून त्याने उन्हाळ्यात आणला, आबांना अर्धांगाचा झटका आला त्यानंतर. उजवी बाजू गेली, वाचा गेली. टीव्हीवर काहीही लागलेलं असो, आबा त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत राहत.

कालपासून रेणुकाने त्या टीव्हीपुढे हात टेकले होते. अँटेनाच्या भोकात वायर घातली की पडदा निळा व्हायचा आणि वर लिहून यायचं, 'नो सिग्नल'. जुना टीव्ही बरा होता. चित्र कितीही दुबळं असलं तरी मुंग्यांमधून काहीतरी दाखवायचा, मग बटणाचे कान पिळत बसायचं आणि अक्षरं हळूहळू वर यायची. या नव्याला पुरतं स्वच्छ असेल तरच पाहिजे, नाहीतर तो निळं तोंड करून बसणार. शेवटी बाजारात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या नथूभाऊंना तिने फोन लावला. ते म्हणाले, अँटेनाचा नाद सोड, आतली चित्राची तार सरळ बाहेर काढ आणि पिवळ्या पिनेला जोड. रेणुका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, सोल्डरचा टाका मारणं तिच्या हातचं होतं. पण आबांच्या डब्याला भोक पाडायचं तिच्या जिवावर आलं. जणू त्यांच्या अंगालाच सुई लावायची होती.

"झालं का गं?" आई पेजेची वाटी घेऊन आली. पलंगाशी बसताना तिने एक हात कमरेवर ठेवला आणि क्षणभर श्वास धरला. रेणुका बघते आहे हे लक्षात आल्यावर हात पटकन खाली आला.

"होईल. तू जरा टेक ना. पेज मी भरवते."

"तुझ्याकडून खात न्हाईत ते."

खरं तर आबा कोणाकडूनही खात. ओठाला चमचा लागला की तोंड उघडायचं. पण हे आईला सांगणार कोण?

आईचा, म्हणजे शालनबाईंचा, हट्ट साऱ्या आळीला पाठ झाला होता. त्यांना सगळं कळतं, फक्त बोलता येत न्हाई. उन्हाळ्यापासून दोन बायका कामाला ठेवल्या. दोघी गेल्या. आबांचं जड अंग आणि आईचं 'असं नका, तसं धरा' दोघींनाही झेपलं नाही. मग आषाढात आबांना मोरीतून उचलताना आई त्यांच्यासकट पडली. पडल्याचं तिने कोणाला सांगितलं नाही. रेणुका सहज आली तेव्हा आई भिंत धरून चालत होती. त्या दिवशी प्रदीपने पहिल्यांदा तळेगावचं नाव काढलं. तिथे अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र होतं, स्वच्छ, खिडकीतून झाडं दिसणारं. तो जाऊन बघून आला होता.

"आई, आबांच्या आधी तू जाशील," तो म्हणाला होता.

"त्यांना कळतंय रं सगळं. तितं कुटं टाकतोस?"

"कळतंय असं मला एकदा दिसू दे. एकदाच. मग मी तळेगावचं नाव काढलं तर बोल."

तेव्हा आईनेच कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं होतं. त्यांचा कॉम्प्युटर लावा. बोटं हलतात बघा त्यांची. खरंच आबांच्या डाव्या हाताची बोटं गोधडीवर सारखी काहीतरी टिपत असत. ते आपोआप होतं, त्याला अर्थ नसतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आई कुणाचं ऐकते!

आणि रेणुका? तिला विचारलं असतं तर तिने प्रदीपच्या बाजूने हात वर केला असता. कोणी विचारलं नाही, ती बोलली नाही. आईची ती भिंत धरून चाललेली पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. डब्याचे स्क्रू आवळताना तिला वाटत होतं, हे चालू झालं नाही तर बरं. लगेच स्वतःचाच राग आला. आबांनीच तिला पहिल्यांदा टाका मारायला शिकवलं होतं.

तिने पिवळी पिन खोचली, अडॅप्टर लावला. तो जुन्या सवयीने गुणगुणायला लागला. टीव्हीचा निळा रंग गेला, पडदा काळा झाला, एकदा थरथरला आणि पांढरा होऊन स्थिर राहिला. अगदी तळाला कंपनीच्या नावाची एक काळी ओळ होती. रुंद पडद्यावर ती ताणून चपटी झाली होती, पण होती तीच.

"आबा! बघा ना!"

रेणुका केवढ्याने ओरडली हे तिलाच कळलं नाही. क्षणभर ती आठवीतली पोर झाली होती. आबा पेजेच्या चमच्याकडे बघत होते.

बाहेर गाडीचं दार वाजलं. प्रदीप आला तो वैतागून. हायवेला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती, कार्ल्यापासून तो इंचाइंचाने सरकत आला होता. तरी दारात चपला काढून, हात धुऊन तो आधी पलंगाशी गेला.

"जय भीम, आबा."

आबांनी मान वळवली. प्रदीपने त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मग भिंतीवरचा पांढरा पडदा बघितला.

"लागला? ताई, कमाल केलीस गं."

"नुसता लागलाय. पुढचं मला माहीत नाही."

प्रदीपला त्या डब्याचं काही ठाऊक नव्हतं. तो शाळेत जायला लागेपर्यंत टीव्हीसकट आबांची हौस आटोपली होती. त्याने स्टूल ओढून घेतलं आणि दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला. त्याच्याकडे बघून रेणुकाला भडभडून आलं. आपलं म्हणणं खोटं ठरावं अशीच त्याची इच्छा होती.

आईने आबांना उशीला टेकवून बसवलं. मांडीवर पाट ठेवला, पाटावर डबा. बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. अर्धी आबांच्या बोटांनी, उरलेली आईच्या फडक्याने. दर दिवाळीच्या साफसफाईत ती तो डबा घासूनपुसून पुन्हा फळीवर ठेवत आली होती. तिने आबांचा डावा हात उचलला, बटणांवर ठेवला आणि आपला हात त्यांच्या कोपराखाली धरला.

"आवं, प्रदीप आलाय. ल्ह्या कायतरी."

अडॅप्टर गुणगुणत होता. आबांची बोटं थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग त्यातलं एक हललं, दबलं.

पडद्याच्या तळाला, ठळक इंग्रजी अक्षरांत, अख्खा शब्द उमटला. प्रिंट.

प्रदीप उठला तसं स्टूल कलंडलं. पडद्याजवळ जाऊन त्याने एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचलं, शाळेतल्यासारखं, मोठ्याने. पी, आर, आय, एन, टी. "अख्खा शब्द! स्पेलिंग बरोबर आहे! ताई, बघितलंस? आबा... आबा, मला माफ करा हो." तो पलंगाशी बसला आणि गोधडीवरून आबांचे पाय धरून हमसून हमसून रडायला लागला.

रेणुकाने पडद्यावरून नजर काढून आबांच्या बोटाखालचं बटण बघितलं.

इतक्या वर्षांत ती विसरली होती, आणि आता एका क्षणात सगळं आठवलं. या यंत्रात 'प्रिंट'सारखा हुकूम अक्षर अक्षर जुळवून लिहावा लागतच नसे. ओळीच्या सुरुवातीला एक बटण दाबलं की पडद्यावर अख्खा हुकूम उमटे. एका बटणाला एक शब्द, दुसऱ्याला दुसरा. कोंबडीने चोच मारली असती तरी काही ना काही शब्द आलाच असता. मात्र तो एकदाच. त्यानंतर त्याच बटणातून नुसतं अक्षर निघे. आता आबांचं बोट पुन्हा पडेल, पी पी पी अशी माळ लागेल आणि प्रदीपला कळेल. कळलं पाहिजेच, असंही तिला वाटलं. तिने सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आईने आबांचा हात बटणांवरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून मुठीत घट्ट धरला.

"पुरं आता. दमले ते. रेणुका, बंद कर."

रेणुकाने अडॅप्टरचं बटण बंद केलं. पडदा निळा झाला.

प्रदीपने तोंड धुतलं आणि तळेगावला फोन करायला बाहेरच्या ओट्यावर गेला. त्याचा आवाज आत येत होता. नाही, नाही आणत, वडिलांना समजतंय सगळं, आज लिहून दाखवलं त्यांनी. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोकळा लागला होता. रेणुका वायरी गुंडाळत राहिली, मग हलक्या आवाजात म्हणाली,

"आई, ते बटण..."

"ठाऊक हाय मला."

रेणुकाने मान वर केली. आई आबांच्या ओठावरची पेज पदराने पुसत होती.

"तुमी दोघं झोपलात की मला बसवायचे त्याच्यापुढं. पैल्या दिवशी माझं बोट धरलं अन् दाबलं. अख्खा विंग्रजी शबूद! मला वाटलं, मीच ल्हिला. किती दिवस खरं सांगितलं न्हाई त्यांनी. मी आपली कार्ल्याला माहेरी जाऊन आईला सांगून आले, मला विंग्रजी येतं म्हणून." ती हसली. हसता हसता तिने आबांकडे बघितलं आणि हसू विझलं.

"म्हणजे तुला माहीत आहे, आबांना..."

"कळत न्हाई. कायबी कळत न्हाई. तुमच्या आधी कळलं मला ते. दवाखान्यातनं आणलं तवाच. भिंतीकडं बघावं तसं बघितलं माझ्याकडं."

"मग कशाला गं हे? तुझी कंबर बघ. तू पडलीस तर? तिथं चांगली माणसं आहेत, आई. आणि आबांना काय फरक पडणार होता?"

बाहेर प्रदीप कोणाला तरी दुसऱ्यांदा तीच हकीकत सांगत होता.

"कळत असतं तर धाडलं असतं मी," आई म्हणाली. "सांगून धाडलं असतं. आवं, माझ्यानं उचलवत न्हाई आता, तितं ऱ्हावा, मी दर ऐतवारी येते. त्यांनी ऐकलं असतं. ऐकणारं माणूस होतं ते." तिने आबांची मूठ उलगडली, बोटं सरळ केली. "पण ज्याला सांगताच येत न्हाई, त्याला कसं धाडू मी?"

आबा उशीवरून एका बाजूला घसरायला लागले होते. आईने श्वास धरून त्यांच्या काखेत हात घातला. रेणुका वायरी टाकून पुढे झाली आणि दुसऱ्या बाजूने लागली. दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. आबा तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जड होते.

प्रदीप आत आला. डोळे लाल होते, चेहरा मात्र कोवळ्या पोरासारखा झाला होता.

"ताई, पुढच्या रविवारी परत लावशील ना? मी मुलांना घेऊन येतो. आणखी काय काय लिहितात बघू."

रेणुकाने आईकडे बघितलं. आई गोधडीची कड सारखी करत होती, तिने मान वर केली नाही.

"लावते की," रेणुका म्हणाली. "पण एका वेळी एकच शब्द हं, प्रदीप. त्याहून जास्त त्यांना झेपत नाही."