मुठीत न चढलेला पारा

मी पारा बोलतोय. आवाज बारीक येत असेल, कारण मी थर्मामीटरच्या काचेत कोंडलेला आहे. वर जायला केसाएवढी वाट. एकदा चढलो की कुणी मनगट झटकेपर्यंत तिथेच अडकून राहायचं.

कारखान्यात मला काचेत भरून तोंड बंद केलं, तेव्हापासून मोकळा वारा माहीत नाही. पुढे कारंजा गावच्या दवाखान्यात आलो आणि सुलोचनाबाई नर्सच्या पिशवीत राहू लागलो. पत्र्याची नळी, नळीत कापूस, कापसात मी. बाहेर निघालो की थेट कुणाच्या तरी जिभेखाली. एका अंधारातून दुसऱ्या अंधारात.

पण माणसं ओळखायला शिकलो. पुरुष आजारी पडला की घर त्याच्याभोवती जमतं. बाई आजारी पडली की ती आधी चूल पेटवते, मग तोंड उघडते.

एका पौषात थंडी फार पडली. जवळच्या एका गावातून रूपराव नावाच्या शेतकऱ्याकडून बाईंना बोलावणं आलं. अंगणात शेकोटी होती. तिच्याभोवती सगळे पुरुष. रूपरावची बायको सुंदरा मागच्या दाराशी गार पाण्यात भांडी घासत होती. तिचं लेकरू तीन महिन्यांचं.

"हिचे हात पाहा बाई," सासू मनकर्णाबाई म्हणाली. "मुडद्यावानी गार! लेकराले उचललं का लेकरू दचकते. आंगात रोग असंन तं माहेरी धाडतो. लेकरू राहीन आमच्यापाशी."

सुंदराने ओले हात पुसले आणि लेकराला छातीशी धरलं.

बाईंनी मला तिच्या जिभेखाली ठेवलं. तिथे छान ऊब होती. मी निरोगी माणसाच्या खुणेवर जाऊन थांबलो.

"ताप नाई, काई नाई," बाई म्हणाल्या.

"मंग सोंग हाय! कामाचं नाव काढलं का हिचे हात गारठते."

मी हादरलो. खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यानेच तिला अडकवलं. ओरडावंसं वाटलं, पण काच आडवी.

तेवढ्यात रूपराव गोठ्यातून आला, उघड्या अंगाने. "मले तं थंडी वाजूनच नाई राह्यली. हिलेच काऊन वाजते?"

बाईंनी मला झटकलं. "धर मुठीत."

त्याच्या मुठीत मी पहिल्या रेघेच्या वर सरकलो. मग झटकून सुंदराच्या मुठीत. खूप जोर केला, बुडातून हललोच नाही.

"पाहा! मी सांगतलं होतं ना!" सासू म्हणाली.

"आता तुमी धरा, मनकर्णाबाई."

"मी काऊन? मले का झालं?"

"धरा तं."

म्हातारीने पदराखालून हात काढला. भेगाळलेली मूठ माझ्याभोवती मिटली. दगडासारखी गार. मी तिथेही हललो नाही.

रूपराव वाकून बघत राहिला. "माये, तुह्याबी हातात नाई चढला."

"थंडीत बाईचं आंग ऊब पोटाकडं ओढून धरते," बाई म्हणाल्या. "हातपाय मागं राह्यते. हा रोगबी नाई अन् सोंगबी नाई. तिले शेकू द्या."

मनकर्णाबाई मूठ उघडेना. मग हळूच म्हणाली, "माही सासू मले गारठी म्हणे. मले वाटे, माह्यातच खोट हाय."

आणि एकदम अंगणाकडे ओरडली, "सरका रे बाप्पाहो! का जलमभर तिथंच बसता? रूपराव, पाट आण. सुंदरा, ये वं, लेकराले घेऊन बस."

दोघी शेकोटीशी बसल्या. मी नळीत परतलो.

आता सुलोचनाबाईंची बदली झाली आहे. माझ्या रेघा पुसल्या, म्हणून मला खणात टाकलंय. थंडी पडली की मी आकसून बुडाशी गोळा होतो, आणि मला सुंदराची आठवण येते. जन्मभर मी चढलो, उतरलो. कामी आलो तो त्या दिवशी, न हलता.

कुणी खण उघडलाच, तर मला लगेच तोंडात घालू नका. आधी जरा मुठीत धरा. आणि शेकोटी पेटवाल, तेव्हा मागच्या दाराशी एक हाक मारा.