चौतिसावी वही

चौतिसाव्या वहीच्या दुसऱ्या पानावर बाईंचं लाल पेन थांबलं. मधली सुट्टी झाली होती, शिक्षकखोलीत डबे उघडले गेले, कोणीतरी चहाचं विचारलं. बाईंनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे विचारणाऱ्याला कळलं नाही.

सत्तावीस वर्षं त्या नववीला इतिहास शिकवत होत्या. सनावळ्या तोंडपाठ, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ‘तारीखबाई’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. पण मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा धडा आला की त्या पुस्तक मिटून ठेवत. गुलामांनी खच्चून भरलेली जहाजं, काटेरी तारांमागच्या छावण्या, घरातून उचलून नेलेली आणि परत न आलेली माणसं. आवाज न चढवता त्या सांगत जात आणि शेवटच्या बाकावरची कुजबुजही थांबे. यंदा त्यांनी एक गृहपाठ दिला होता. घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, जुन्या राजवटीत तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत? ते सांगतील तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

बहुतेकांनी संचारबंदी आणि रॉकेलच्या रांगा लिहिल्या होत्या. ही वही बाईंच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मुलीची. तिच्या घरी ती आणि आई, दोघीच. विचारायला म्हातारं माणूस नाही, म्हणून ती तिसऱ्या मजल्यावर गेली होती, बाईंच्या वडिलांकडे. बाई तेव्हा शाळेत जादा तास घेत होत्या.

वडील निवृत्त ड्रायव्हर. सरकारी गाडी चालवायचे, एवढंच घरात माहीत. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात दोघंच. गोळी घेतली का, सिलिंडर आला का, खिडकी लावू का, यापलीकडे फारसं बोलणं नसे.

वहीत लिहिलं होतं : ‘आजोबा तुरुंगाची गाडी चालवायचे. पहाटे माणसं बसवून खाणीपाशी न्यायची. येताना गाडी रिकामी असायची. एका हिवाळ्यात, त्यांची बायको आजारी होती तेव्हा, असं एकोणीस वेळा झालं. एकदा आतून एक माणूस म्हणाला, ड्रायव्हरदादा, जरा सावकाश घ्या, पाय दुखावलाय. मग आजोबांनी गाडी सावकाश घेतली. साहेब ओरडले.’

बाईंनी सवयीने शुद्धलेखनाच्या तीन चुका सुधारल्या आणि मग त्यांना त्या लाल रेघांचीच लाज वाटली. त्या हिवाळ्यात त्या चौथीत होत्या. आई आजारी होती. वडील सकाळी घरी येत, गरम पाण्याने हात धूत आणि लेकीची वेणी घालून देत.

संध्याकाळी त्यांनी वही वडिलांपुढे ठेवली.

“मला का नाही सांगितलंत, बाबा?”

“तू कधी विचारलं नाहीस,” वडील म्हणाले. “त्या पोरीनं विचारलं.”

बाई म्हणाल्या की मी हेच तर शिकवते, इतकी वर्षं. ते मला माहीत आहे, असं वडील म्हणाले. बाई धड्याच्या आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून तयारी करत, ती त्यांना आतल्या खोलीत ऐकू येई. दर वर्षी.

चांगली वही वर्गात वाचून दाखवायची बाईंची पद्धत होती. वाचू का, असं त्यांनी विचारलं.

“वाच. आणि कोणाचा बाप ते पण सांग. नाहीतर ती पोरगी थापा मारते म्हणतील.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही वाचली आणि हे ड्रायव्हर माझे वडील, असं सांगितलं. वर्गात कोणी कोणाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तळमजल्यावरची मुलगी उभी राहिली. एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला, ती म्हणाली. आजोबांना नाही म्हणता आलं नसतं का?

“विचारून सांगते,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन चपलाही न काढता त्यांनी विचारलं. वडील खिडकीशी बसले होते.

“आलं असतं,” ते म्हणाले. “एकानं म्हटलं होतं की. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं.”

“मग त्याचं काय केलं?”

“बदली केली. दुसऱ्या गावी.” वडिलांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तेवढंच. आपलं बिऱ्हाड इथे होतं. तुझी शाळा होती.”

बाईंनी ते जसंच्या तसं वर्गात सांगितलं. फळ्यावर त्या दिवशी काही लिहिलं नाही. तास संपला, तशी तळमजल्यावरची मुलगी टेबलापाशी आली, आपली वही उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर गेली.

त्यानंतर वडील बाई यायच्या आधीच जेवून घेऊ लागले. बाई आल्या की ओट्यावर एक ताट धुऊन उपडं घातलेलं असे आणि एक वाढून, झाकून ठेवलेलं. हात धुऊन त्या एकट्याच जेवायला बसत. आतल्या खोलीत दिवा चालू असे. वडील जागे आहेत हे खोकल्यावरून कळे.