आठ झोपलेले प्रोसेसर

कैरोच्या निकाल केंद्रातल्या मोठ्या सर्व्हरमध्ये सोळा प्रोसेसर होते. आठ राबत होते, बाकीचे आठ मशीन आलं त्या दिवसापासून आतच झोपून होते. त्यांना उठवायला मशीन बंद करावं लागत नाही. विकणाऱ्या कंपनीने एका कागदावर चौतीस अक्षरांची किल्ली दिलेली असते. ती टाइप केली की झालं, आणि एकदा वापरली की ती संपली. केंद्राची इंजिनियर नगवा हे चार वर्षं सरवतबेंना समजावत होती. पालथ्या घड्यावर पाणी!

सरवतबे केंद्राचे संचालक, आणि त्यांची एकमेव पात्रता म्हणजे त्यांचा मंत्रालयातला मेव्हणा. किल्लीचा कागद आला तेव्हा त्यांनी त्यावर सरकारी गरुडाचा शिक्का मारून तो भांडारात जमा केला. भांडारातली वस्तू ज्याच्या नावावर निघेल त्याने ती आहे तशी परत करायची, असा नियम. खुर्ची असो की किल्ली.

नगवा सहा वर्षं कंत्राटी होती. तिला कायम करण्याचा कागद सरवतबेंच्या टेबलावर सहीची वाट बघत होता. आईचं डायलिसिस कायम नोकरीच्या विम्यातच बसणार होतं. अट एकच: भांडाराची एकही वस्तू नावावर नको.

बारावीचा निकाल त्या दिवशी सकाळी दहाला ऑनलाइन लागणार होता. नऊलाच मशीनवरचा भार सत्त्याण्णव टक्क्यांवर पोहोचला. नगवा धावत सरवतबेंकडे गेली.

"साहेब, किल्ली काढायला सही द्या."

"मशीन पडलं का?"

"अजून नाही."

"मग कशाला घाई? पडलं की बघू."

"गेल्या वर्षी पडलं तर चार तास उठलं नाही. सात लाख पोरं आहेत, साहेब!"

"पोरं थांबतात. किल्ली संपली तर तपासणीवाल्यांना काय दाखवू, तुझं तोंड? माझ्या कारकिर्दीत त्या आठांना ओरखडासुद्धा नाही, इंजिनियरबाई!" त्यांनी अभिमानाने चहाचा घोट घेतला.

अशा माणसाला अडाणी म्हणणं हा अडाण्यांचा अपमान आहे. नगवाने जिना उतरून भांडार गाठलं.

भांडारी अब्देल-मौगूद फूलची, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची, पाव-गुंडाळी खात होता. "सही कुणाची?"

"माझी घ्या, काका."

त्याचं तोंड चावता चावता थांबलं. "तुझी चालते, पोरी. माझ्या डोक्यावरची बला तुझ्या डोक्यावर. पण संध्याकाळच्या आत परत. आहे तशी."

नगवाने सही केली. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. वर येऊन तिने चौतीस अक्षरं टाइप केली. आठही प्रोसेसर जागे झाले आणि सत्त्याण्णवचे एकावन्न झाले. दहाला सगळा देश निकालावर तुटून पडला, पण मशीन डगमगलं नाही.

साडेदहाला सरवतबे टीव्हीवाल्यांसमोर उभे होते. "वेळेवर निर्णय घेणं ही आमच्या केंद्राची परंपरा आहे," ते म्हणाले. नगवाला शिसारी आली. परंपरा म्हणे!

दुपारी अब्देल-मौगूद वही काखेत मारून वर आला. मागोमाग सरवतबेही आले.

"किल्ली, पोरी?"

तिने कागद पुढे केला. "हा घ्या. पण आता चालणार नाही. वापरली."

म्हाताऱ्याचं बोट रकान्यांवरून फिरलं. जमा, मोडली, हरवली, चोरीला गेली. "'वापरली'चा रकानाच नाही गं. सव्वीस वर्षांत इथे कुणी काही वापरलेलंच नाही."

"'हरवली' लिही," सरवतबे म्हणाले. "तिला चौकशीची नोटीस जाईल, बाकी नंतर बघू."

"कागद हातात आहे आणि हरवली लिहू?" म्हातारा म्हणाला. "साहेब, सकाळी टीव्हीवर तुम्ही जो निर्णय घेतलात, तो हाच का?"

नगवाने पट्टी घेतली, समासात एक सरळ रेघ मारली, वर 'वापरली' लिहिलं, वेळ टाकली आणि खाली आपलं पूर्ण नाव.

"उद्यापासून येऊ नकोस," सरवतबे फणकारले आणि निघून गेले.

अब्देल-मौगूदने शाईवर हलकेच फुंकर मारली.

"रकाना छान झालाय, पोरी," तो म्हणाला. "पण तू गेल्यावर यात लिहिणार कोण?"