ड्रम गार होईपर्यंत

गोळा वरून पार वाळलेला होता, लिंबाएवढा, पांढराफटक, नखाने खरवडला तर भुगा पडेल असा — आणि अंगठ्याने दाबून फोडला तेव्हा आत ओल निघाली. गडद, गार, काल खाणीतून आली होती तशीच्या तशी. त्याने दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून पाहिले. आग जास्त झाली होती. घाई केली की माती असंच करते, वरचा थर भाजून घट्ट होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. बघणारा म्हणतो, वाळला की माल. एकतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाच्या हातून शनिवारी सकाळी सकाळी असा गोळा निघावा म्हणजे... त्याने बर्नर खाली आणला, पट्ट्यावरून येणारी माती कमी केली, आणि एक तुकडा खिशात टाकला. कशाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

लक्ष नव्हतं, दुसरं काय. लेक येणार होती. पाचच्या बसने.

काल फोनवर सगळं ठरवूनच बोलली. आईचं कपाट आता आवरू या बाबा, आठ महिने झाले, किती दिवस तसंच ठेवणार आहेस. आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचंय मला जरा, त्या होत्या ना दवाखान्यात, त्यांच्या तोंडूनही ऐकायचंय सगळं. तो हो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण अजून उभेच आहोत. लेकीच्या काकू म्हणजे त्याच्या वहिनी, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. गेले आठ महिने तो त्यांच्या दारावरून खाली मान घालून जातो. त्या दोनदा हाक मारायला आल्या, तर याने आत बसून टीव्हीचा आवाज वाढवला. इतका शहाणा माणूस!

ड्रम फिरत होता. साठ फूट लांबीचं लोखंडी नळकांडं, आत माणूस सहज उभा राहील एवढं, एका अंगाला किंचित उतरतं. वरच्या तोंडातून ओली माती आणि आगीचा झोत. आतल्या पट्ट्या माती उचलतात, वरून सोडतात, पुन्हा उचलतात, पुन्हा सोडतात, आणि अशी आपटत-आपटत ती वीस मिनिटांनी खालच्या तोंडातून कोरडी होऊन बाहेर पडते. लग्नानंतर बायको एकदाच बघायला आली होती. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हीच का माझी सवत?" तेव्हापासून घरात ड्रमला तेच नाव पडलं. त्याला उशीर झाला की दार उघडता उघडता विचारायची, झाली का गार तुमची सवत? लेक लहान असताना तिलाही वाटायचं की सवत म्हणजे एखादं मशीनच असणार.

कारण उशीर व्हायचा तो गार करण्यातच. गरम ड्रम थांबवायचा नसतो. आग विझली, माती संपली, तरी त्याला रिकामा फिरवत ठेवायचा — दोन तास, अडीच तास, अंगावर तळहात टेकवता येईपर्यंत. मध्येच थांबवला तर स्वतःच्याच वजनाने खचतो, त्याला बाक येतो, आणि एकदा बाक आलेला ड्रम जन्मात सरळ होत नाही. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला तो ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात.

दोन वाजता त्याने बर्नर बंद केला. शनिवारची सुट्टी झाली, माणसं हात-पाय धुऊन पांगली, शेडमध्ये फक्त तो आणि ड्रमची घरघर. त्याने डबा उघडला आणि तसाच बंद केला. खोट्याला पाय नसतात म्हणतात. त्याच्या खोट्याला तर पाय फुटले होते, वर बाळसंही धरलं होतं. सुरुवातीला एवढंच बोलला होता तो, की शेवटी मी तिच्याजवळ होतो. दवाखान्याच्या दारात लेकीने गळ्यात पडून विचारलं, बाबा, तू होतास ना रे? आणि तो हो म्हणाला. त्या वेळी दुसरं काय म्हणणार होता? पण मग दर रविवारी फोन. सांग ना, काय म्हणाली आई? तुझी आठवण काढली. अजून? अजून... म्हणाली, पोरीला म्हणावं, वेळेवर जेवत जा. हे वाक्य कुठून आलं देव जाणे. पण आलं, आणि पलीकडे लेक रडायला लागली, आणि तेव्हापासून ती वेळेवर जेवते. दुपारी एकला फोटो पाठवते ताटाचा. आजही आला होता — बसमधला डबा. आई सांगून गेली म्हणून. मी सांगितलं म्हणून नाही.

आणि आई काय सांगून गेली ते मला माहीतच नाही. ते वहिनींना माहीत आहे. भिंतीपलीकडे आहे ते.

साडेतीनला फिटर आला. हातातलं कळकट कापड खांद्यावर टाकत म्हणाला, "मास्तर, लेक येतेय ना तुमची? जा तुम्ही. मी थांबतो ड्रमपाशी."

"राहू दे," तो म्हणाला.

 फिटर कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. याच माणसाने त्या दिवशीही हेच म्हटलं होतं. त्या दिवशी वीज गेली होती आणि ड्रम तापलेला होता, लाल नव्हे पण हात भाजेल असा, आणि तो लांब दांडा घालून हाताने फिरवत होता. पाव फेरा, मग पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा पाव फेरा. वहिनींचा फोन आला. दवाखान्यात आणलंय, डॉक्टर म्हणतात लगेच बोलवा. फिटरने दांड्याला हात घातला. द्या इकडे मास्तर, मी फिरवतो, तुम्ही पळा. आणि तो म्हणाला...

तो म्हणाला, तुला जमायचं नाही.

पाव फेरा आणि पाच मिनिटं! यात न जमण्यासारखं काय होतं? शेंबड्या पोरालाही जमलं असतं. पण त्याने दांडा सोडला नाही. सव्वा तास. घाम डोळ्यांत जात होता, आणि दर पाव फेऱ्याला तो मनाशी म्हणत होता, हा एक झाला की निघू. वीज आली, मग निघाला, आणि पोचला तेव्हा ती जाऊन चाळीस मिनिटं उलटली होती. वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि याने हात वर करून त्यांना थांबवलं. बोलू नका म्हणून. आजतागायत त्या थांबलेल्याच आहेत.

पुढच्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांना गोळा करून भाषण केलं. घरात एवढं संकट, पण या माणसाने ड्रम वाकू दिला नाही, असा माणूस लाखात एक. टाळ्या पडल्या. फिटरनेही वाजवल्या, खाली बघत. त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, त्या दिवशी नाही, नंतर नाही, आणि यालाच त्याचा राग येतो. एकदा तोंडावर म्हण ना बाबा, की तुला जायचंच नव्हतं. भ्यायलास तू. सहा महिने तिला उठवलंस, बसवलंस, औषधं पाजलीस, आणि शेवटच्या तासाला पाचावर धारण बसली तुझी. ती विचारेल काहीतरी, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागेल, आणि मग ती बघेल आपल्याकडे... ड्रमचं नाव कशाला घेतोस? ड्रम बिचारा लोखंडाचा.

मी भ्यालो होतो. हे वाक्य आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ मनात आलं. आलं आणि गेलं नाही, बसून राहिलं. त्याने ड्रमकडे पाहिलं, उठला, बाजूने वर आलेल्या लोखंडाला तळहात लावला. कोमट होतं. कोमटही नाही, गार. घड्याळात साडेचार वाजले होते. म्हणजे बराच वेळ झाला होता आणि आपण उगाच फिरवत बसलो होतो, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून फिटरला ते दिसत होतं. तरी त्याने बटण दाबलं नाही. खाली बसला. पाच वाजले. ड्रम फिरतच होता, आत काही नाही, नुसता रिकामा.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बसस्टँडचा गलका आणि त्यातून लेक. "बाबा, मी उतरले. तू कुठे दिसत नाहीस. ड्रम झाला नाही का गार अजून?"

आईचाच प्रश्न. फक्त सवत म्हणाली नाही.

उत्तर तोंडात तयार होतं, घासून गुळगुळीत झालेलं: नाही ग, अजून अर्धा तास लागेल, तू हो पुढे, काकूंकडे बस तोवर. किती सोपं होतं! ती जाईल, वहिनी चहा टाकतील, ती विचारेल, वहिनी सांगतील. त्याचं काम परस्पर होऊन जाईल, आणि लेकीचं ते वाक्य, जेवणाचं, तिच्या हातून परस्पर काढून घेतलं जाईल. आणि मी पोचेन. परत चाळीस मिनिटांनी.

"झालाय," तो म्हणाला. "मघाशीच झालाय."

त्याने लाल बटण दाबलं. ड्रम अर्धा फेरा आळसावून फिरला आणि थांबला. शेडमध्ये इतकं शांत झालं की फिटरने मान वर केली.

"मग येत का नाहीस?"

"येतोय. तू स्टँडवरच थांब. माझ्याशिवाय काकूंकडे जाऊ नकोस."

"का रे?"

दुसरा हात खिशात होता. सकाळचा तुकडा केव्हाच चुरला होता, आणि मधली ओली माती बोटांना लागत होती. शेवटी बायकोने आपल्याबद्दल विचारलं असेल. आले का हे, असं. दोनदा विचारलं असेल, तीनदा. किंवा काहीच विचारलं नसेल, नुसतं पाणी मागितलं असेल. जे असेल ते... ते तिचं होतं, आणि भिंतीपलीकडे पडून राहिलं होतं, आणि त्याला ते हवं होतं. कसंही असलं तरी हवं होतं. लेकीला काय वाटेल याची भीती तशीच होती. तिच्याशेजारीच हे दुसरं होतं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं.

"बाबा? आहेस ना तू?"

"आहे," तो म्हणाला.