चाकावरचं पाणी

पडझड्यांनी टाक शाईत बुडवला, दौतीच्या काठावर निथळला आणि कागदाकडे नेता नेता हात हवेतच थांबवला.

समोर दोन पानांवर पसरलेलं चित्र होतं. मधोमध पाणचक्कीचं लाकडी चाक, माणसाच्या दुप्पट उंच. त्याच्या कडेनं ओळीनं बसवलेले लाकडी डबे, डब्यांना खिळे, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर हातोड्याचे ठसेसुद्धा. कण्यापाशी वंगण ओघळलेलं. चाकाभोवतीची जागा मात्र कोरी होती. तिथे नदी यायची होती, काठावरची ढासळलेली घरं यायची होती, आणि त्या घरांच्या फळ्या जोडून केलेली पन्हळ यायची होती. ही पन्हळ नदीचं पाणी आणून चाकाच्या डोक्यावर सोडणार होती. पाणी, झाडोरा आणि पडझड हा पडझड्यांचा प्रांत. चाक पंपवालीचं.

आणि डबे उलटे बसले होते.

पडझड्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नदी डावीकडून येते. चित्रकथेच्या अगदी पहिल्या भागापासून ती डावीकडून येत होती, कारण ती त्यांनीच तशी काढली होती. म्हणजे पन्हळ डावीकडून येणार, पाणी चाकाच्या डोक्यावरून उजव्या अंगाला पडणार. आणि उजव्या अंगाचे डबे तर झाडून सगळे पालथे. पाणी धरायला एकाचंही तोंड वर नव्हतं. हे चाक सात जन्मांत फिरलं नसतं.

‘बाई, जरा इकडे बघता का,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पंपवाली पलीकडच्याच टेबलावर होती. केसांत पेन्सिल खोचून तीच पेन्सिल टेबलभर शोधत होती. शब्द पडझड्यांच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले, टाक पुन्हा बुडवला, आणि पाणी काढायला घेतलं.

पडझडे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चित्रशाळेत सगळे विसरले होते, आणि आता कुणी त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी स्वतःही मान वर केली नसती. दादांनी जपानी ‘मांगा’ चित्रमालिकांच्या धर्तीवर ही साप्ताहिक चित्रकथा सुरू केली तेव्हापासून पडझडे त्यांच्याबरोबर होते. जग बुडालंय, मूठभर माणसं उरलीत, आणि एक हट्टी पोरगी विज्ञानाच्या जोरावर सगळं पहिल्यापासून उभं करतेय, अशी ती कथा. आग झाली, साबण झाला, मीठ झालं, लोखंड झालं. सुरुवातीच्या भागांत पोरगी एवढीशी दिसायची आणि बाकी पानभर पडझड असायची. वेलींनी गिळलेले जिने, छपरातून वर आलेली झाडं, कमरेत मोडलेले पूल. लोक पोरीसाठी अंक विकत घेत आणि पडझडीवर रेंगाळत, असं पडझड्यांचं स्वतःचं मत होतं. अगदीच खोटं नव्हतं.

पण पोरगी हुशार निघाली. तिनं एक भिंत उभी केली की पडझड्यांचं एक पडकं घर कमी व्हायचं. तिनं रस्ता केला की त्यांचं रान गेलं. जग सुधारत चाललं होतं आणि पडझड्यांचं काम आटत चाललं होतं.

त्यात यंत्रं काढायला पंपवाली आली. आधी ती पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायची. पहिल्याच दिवशी तिनं एक भाता काढला, आणि दादा तो कागद हातात धरून खिडकीपाशी गेले ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. पडझड्यांच्या कागदासाठी दादा खिडकीपर्यंत गेल्याला जमाना झाला होता.

चित्रशाळेचा एक नियम होता: जे हातानं करून पाहिलं नाही ते कागदावर यायचं नाही. साबण मागच्या अंगणात शिजला होता आणि त्याच्या वासानं शेजारी भांडायला आले होते. भट्टी तिथेच फुटली होती. पाणचक्कीचं गुडघाभर चाकही पंपवालीनं तिथेच करून नळाखाली धरलं, आणि ते असं गरगर फिरलं की दादांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. टाळ्या पडझड्यांनीही वाजवल्या. न वाजवून सांगतात कुणाला.

तो नळ अंगणाच्या उजव्या भिंतीवर होता. डबे उलटे का झाले ते पडझड्यांना आत्ता पन्हळीची पहिली फळी काढताना उमगलं. बाईनं नळ पाहून चाक केलं होतं, नदी पाहून नव्हे.

चित्र पुरं करून दिलं त्या रात्री घरी जेवताना बायकोनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"आज काय केलं तिनं?"

"कुणी?"

"अहो, कुणी काय कुणी! तुम्ही सवत आणली असतीत तरी तिच्याबद्दल मला एवढं ऐकावं लागलं नसतं."

"दादा म्हणत होते, पुढच्या वर्षी सरळ रस्त्यांचं गाव दाखवायचं. पडकं असं काही उरणारच नाही."

"मग तुम्ही काय काढणार?"

"‘तुझं बघू काहीतरी,’ म्हणाले."

बायकोनं त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. ‘बघू’ म्हणजे काय ते तिलाही कळत होतं. पडझडे भात चिवडत राहिले. अंक छापायला गेला होता, आता बोलून उपयोगही नव्हता, आणि या विचारानं त्यांना जरा बरंच वाटलं.

अंक बाजारात आला आणि वाचकांचे मेसेज धडाधड येऊ लागले. एवढी वर्षं विज्ञान चोख ठेवल्यावर वाचकही चोख झाले होते. चाक फिरणार कसं? डबे बघितले का कुणी? एकानं लिहिलं, ‘पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, आज पाहिलं.’ दादांनी हा मेसेज मोठ्यानं वाचला. नंतर हसले नाहीत.

"चूक माझी आहे," पंपवाली लगेच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "अंगणातला नळ उजवीकडे. नदी कुठून येते ते मी बघितलंच नाही. मागचे भाग काढून बघायला हवे होते."

पडझडे टाकाचं टोक पुसत होते. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. याच क्षणाची त्यांनी आठवडाभर वाट पाहिली होती, आणि आता तो आल्यावर गोड लागत नव्हता. बाईनं निदान थोडी सारवासारव तरी करायला हवी होती.

दादांनी मूळ चित्र मागवून टेबलावर पसरलं. चाकाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते पाणी पाहू लागले. मग त्यांनी एक बोट चाकाच्या उजव्या अंगावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

पन्हळीतून आलेलं पाणी तिथे डब्यांच्या पाठींवर आदळत होतं. आदळून फुटत होतं, फुटून उडत होतं, आणि उरलेलं डब्यांच्या बुडांवरून घसरून खाली निथळत होतं. कुठल्याही डब्यात थेंब नव्हता. पालथ्या डब्यावर पाणी पडलं तर जे जे होईल ते सगळं कागदावर हजर होतं.

पडझड्यांनी टाक खाली ठेवला. नुसता एक धबधबा ओतून मोकळं होता आलं असतं. धुक्यासारखे चार तुषार काढून ती जागा झाकता आली असती. पण पाणी खोटं काढायचं म्हटलं की त्यांचा हात चालतच नसे. जीभ गप्प बसली होती, हातानं सगळं सांगून टाकलं होतं.

दादांनी बोट उचललं.

"चूक लपवायची नाही," ते म्हणाले. "चूक कथेतच घेऊ. चाक फिरत नाही. पोरगी पहिल्यांदाच फसते. आणि काठावर एक म्हातारा बसलेला असतो. त्याचा जन्म या नदीवर गेलाय. डबे उलटे आहेत हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत असतं. तो बोलत नाही."

"का बोलत नाही?" पंपवालीनं विचारलं.

"ते त्याच्या तोंडावर दिसलं पाहिजे." दादांनी चित्र गुंडाळलं. "पडझडे, म्हातारा तू काढ."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. या चित्रशाळेत चेहरे फक्त दादा काढत. इतक्या वर्षांत पडझड्यांच्या वाट्याला माणसाचं बोटसुद्धा आलं नव्हतं. एकदा, फार पूर्वी, त्यांनी तसं मागून पाहिलं होतं. आज मागितल्याशिवाय मिळालं, तर ते असं.

"मी?" ते म्हणाले.

"तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

दादांच्या आवाजात राग नव्हता. असता तर फार सोपं गेलं असतं.

पडझड्यांनी पहिला म्हातारा काढला, त्याचे डोळे बारीक होते आणि ओठ एका बाजूला वाकलेला. दादा म्हणाले, "हा लबाड आहे. लबाडाचं कुणाला काय वाटणार?" दुसरा काढला, त्याच्या कपाळावर आठ्यांचं जाळं आणि नजर दीनवाणी. "हा बिचारा. याला मुळात काही दिसलंच नसेल." तिसऱ्याला दादांनी नुसती मान हलवली. कागदांचा ढीग वाढला. घरी बायकोला बातमी सांगावी असं त्यांच्या फार मनात होतं, चेहरा मिळाला म्हणून. पण कुणाचा ते सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं.

अखेर एका दुपारी ते उठून मागच्या अंगणात गेले. पंपवाली उकिडवी बसून छोट्या चाकाचे डबे उचकटत होती. तोंडात दोन खिळे धरले होते.

"बाई."

तिनं मान वर केली.

"मला दिसलं होतं," पडझडे म्हणाले. "पाणी काढायच्या आधीच."

तिनं खिळे तोंडातून काढून तळहातावर घेतले.

"माहीत आहे."

"दादा बोलले?"

"नाही हो. अंक आला तेव्हाच पाणी बघितलं ना. डबे नीट न बघता असं पाणी कोण काढेल?" तिनं एक डबा फिरवून बसवला. "दोन दिवस खूप राग आला होता तुमचा. म्हटलं, भांडावं चांगलं."

"मग?"

"मग काय. अंक उघडला की माझं चाक राहायचं बाजूला आणि मी तेच पाणी बघत बसायची. मला नाही येत तसं. भांडले असते तर शिकवलं असतंत का तुम्ही?" ती हसली, आणि खिळा ठोकू लागली. "धरता का जरा? हा डबा डुगडुगतो."

पडझड्यांनी वाकून डबा धरला. लाकूड गुळगुळीत होतं. कानाकोपरेसुद्धा तिनं घासून काढले होते. कागदावरचं चाक पाहताना त्यांना प्रथम काय वाटलं होतं, ते आता त्यांच्या ध्यानात आलं. डबे उलटे आहेत हे नंतर दिसलं होतं. त्याआधी, क्षणभर, असं चाक आपल्या हातून कधीही उतरणार नाही, एवढंच वाटलं होतं, आणि ते चाक त्यांना अतिशय आवडलं होतं.

आणि वर ही बाई. राग आला, तो हिनं दोन दिवसांत विझवला, आणि मग ते पाणीच निवांत पाहत बसली. त्यांना चाक आवडलं होतं तर त्यांनी काय केलं होतं? एवढं मोकळं मन हिला मिळावं आणि आपल्याला मिळू नये, याचा पडझड्यांना हेवा वाटला. पहिल्या हेव्यापेक्षा हा जास्त झोंबला. अंगणातल्या उन्हात, हातात तिचा डबा धरून, ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"झालं, सोडा," ती म्हणाली. "काका, सोडा ना. किती घट्ट धरलाय."

त्यांनी डबा सोडला. आत येऊन कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीची रेघसुद्धा न मारता थेट शाईनं सुरुवात केली. म्हाताऱ्याचे डोळे लबाड नव्हते, दीनवाणेही नव्हते. तोंड किंचित उघडं होतं, एखादी फार सुंदर वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर राहतं तसं.

दादांनी कागद उचलला आणि खिडकीपाशी नेला. पडझडे टेबलाशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं दादा परत आले.

"हाच," ते म्हणाले, आणि त्यांनी तो कागद म्हाताऱ्यामागचं चाक काढण्यासाठी पंपवालीच्या टेबलावर ठेवला.